खरं तेल गोठतं

मशीनचा आवाज बदलला तेव्हा चहाचा कप माझ्या ओठांना लागलेला होता. बदलला म्हणजे किती, तर एक घोट गिळून होईपर्यंत. काचेच्या केबिनमध्ये बसून मी दिवसभर तो आवाज ऐकते. ऐकते कसली, तो नुसता असतो, पंख्याचा असतो तसा. त्याच्या तळाशी हवेची एकसारखी फुसफुस असते. ती चालू होती. दाबाचा काटाही जागच्या जागी. फक्त वरचा सूर कोरडा पडला. मी कप ठेवून उठेपर्यंत मशीनवरच्या गौरेशने लाल बटण दाबलं होतं. त्याने दार उघडून आत वाकून पाहिलं आणि माझ्याकडे बघून हात हलवला. काही नाही, कापणारी टिप गेली. टिपा जातातच. त्याने नवीन टिप लावली, आत बसवलेल्या धातूच्या कड्यावरून तिचा अगदी हलका, नावापुरता एक हात फिरवला, कडं पुसलं, मापलं. मी बाहेर आले तेव्हा तो खूश होता. "मॅडम, साईझ परफेक्ट. पीस बरो आसा." मी विचारलं, तापल्याचा रंग? "इल्लोसो तांबूस जाल्लो. गेलो आता." गेला. दिवसभर मग तो एकच शब्द माझ्या डोक्यात खडखडत राहिला. रंग गेला, पण कुठे गेला? वर होता तो पुसला गेला, की आत गेला?

हा धातू भारी खट आहे. साधं लोखंड कापताना उष्णता बुऱ्याबरोबर उडून जाते, सुटलो म्हणायचं. हा मात्र सगळी उष्णता टिपेच्या टोकावर साठवतो आणि वर स्वतः आणखी कडक होतो. निकेलचा मिश्रधातू, विमानाच्या इंजिनाच्या सगळ्यात तापणाऱ्या भागात बसतो, तापायला भीत नाही म्हणूनच बसतो. त्याला कापणाऱ्या टिपेवर जांभळट काळा लेप असतो. तो लेप म्हणजे तिची कातडी. कातडी सोलली की टिप संपली, आणि सोललेली टिप कड्यालाही भाजून काढते. म्हणून सगळीकडे कापताना कूलंट ओततात, पांढरं दुधट पाणी, बदाबदा. आमच्याकडेही ओतायचे. डिचोलीच्या या शेडमध्ये मी आले तेव्हा दारातच तो वास आला होता, चार दिवसांच्या ओल्या फडक्याचा. आणि गौरेशचे हात. बोटांच्या पेरांवर चिरा, नखांभोवती सोललेलं. घरी तो हुमण चमच्याने खायचा. गोव्यातला माणूस माशाची आमटी चमच्याने खातो आणि बायको बघत बसते, यापेक्षा वाईट काय असतं ते मला सांगा. मी शेडच्या मालकांच्या, कृष्णनाथसरांच्या मागे लागून ते पाणी बंद केलं. त्याच्या जागी हवेचा झोत आणि त्यात तेलाचा धुरळा, इतका थोडा की दिवसभराचं तेल एका फुलपात्रात मावतं. सर म्हणाले, एवढ्याशा तेलाने काय होणार? मी म्हटलं, बघाच. तेल जास्त असून उपयोग नसतो सर, टोकाला हवं तेव्हा असावं लागतं. मोठ्या थाटात म्हटलं होतं. आणि झालंही. पावसाळ्यापासून गौरेशचे हात भरून आले. एकदा डबा खाताना त्याने मुद्दाम मला हात दाखवला, आमटीत बुडालेला, आणि आम्ही दोघंही उगाचच हसलो.

तेलाची नळी मीच उघडली. गौरेश बुरा काढायला गेला होता. सुईएवढ्या तोंडाची ती बारीक नळी मी दाबली तर तिच्यातून पांढरं काहीतरी बाहेर आलं, मऊ, शेवईसारखं. बोटावर घेतलं तर लगेच विरघळलं. नाकाशी नेलं नाही. नेण्याची गरज नव्हती, लहानपणापासून हा वास माझ्या केसांत आहे. खोबरेल. पण आम्ही वापरतो तेही खोबरेलच. बाबांच्या पार्से गावातल्या घाण्यावरचं. फक्त आमचं गोठत नाही. माप हलू नये म्हणून शेडमध्ये एसी असतो, त्या गारठ्यात साधं खोबरेल गोठणार हे मला काय कोणी शिकवायला हवं होतं? म्हणून मीच पद्धत काढली होती. तेल फ्रीजमध्ये हलकं गार करायचं, जे पांढरं बसेल ते फडक्यातून गाळून टाकायचं आणि वर राहील ते पातळ तेवढंच कॅनमध्ये भरायचं. बाबा हे सगळं हाताने करतात. साय काढून दूध विकल्यासारखां झाला ह्यां, असं पहिल्या दिवशीच म्हणाले होते, पण करतात. आणि हे बोटावरचं तेल गाळलेलं नव्हतं. हे जसंच्या तसं, अख्खं, पहिल्या धारेचं होतं. एसीत ते नळीत गोठलं, हवा बाजूने वाट काढून वाहत राहिली, काट्याला कळलं नाही, गौरेशला कळलं नाही, आणि मशीन तेवढा वेळ कोरडं कापत राहिलं. गौरेशने विचारलं, काय झालं मॅडम? मी म्हटलं, नळी तुंबली होती. खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं, आणि हे मला त्याच क्षणी कळलेलं होतं.

पाच कडी द्यायची होती. धातू बंगळुरूच्या त्या मोठ्या कंपनीचा, त्यांनीच मोजून पाच तुकडे पाठवलेले. पाचही कडी या पद्धतीने करून दाखवा, पाच म्हणजे पाच, मग वर्षाचं काम तुमचं आणि पद्धतही मंजूर. नाहीतर आपलं नेहमीचं कूलंट. चार झाली होती. हे पाचवं. सर आले, ट्रेमध्ये पाच कडी ओळीने चकाकत होती, त्यांनी एकेकावर बोट टेकवत मोजली आणि लहान मुलासारखे हसले. "सेजल, तू जिंकलंस गो." मी मान हलवली. आता काय सांगायचं? की सर, मापाने बरोबर, रंगाने बरोबर, पण कोरड्या टिपेने भाजलेल्या धातूला कधीकधी कातडीच्या आत एक पातळ ठिसूळ थर येतो, जो डोळ्याला दिसत नाही, मापाला लागत नाही, आणि इंजिनात तापून तापून एक दिवस तिथूनच चीर धरतो? येतोच असं नाही. कधी येतो, कधी येत नाही. एका घोटाएवढ्या वेळात आला असेल का? आमच्यासारख्या छोट्या शेडला हे कळायचा एकच मार्ग. कडं कापायचं, कापलेली कड घासून गुळगुळीत करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. म्हणजे कडं चांगलं आहे की नाही हे कळायचं तर ते मोडायचं. काय गंमत आहे बघा. सोमवारी पाठवू, सर म्हणाले. हो, मी म्हटलं. स्वतःचा तो 'हो' ऐकून मला स्वतःचीच शिसारी आली.

स्कूटर काढली तेव्हा ऊन होतं. म्हापशात शुक्रवारचा बाजार, बसस्टँडपाशी मिरच्यांच्या राशी आणि माणसंच माणसं. एरवी मी तिथे थांबून चोणक मासा बघते, आज थांबले नाही. हॉर्न मारत राहिले आणि एका म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं की मी अंगठा उचलला. कॅन कधी भरला असेल? सोमवारी मी घरून नेला तो, एसीबाहेर उबेत ठेवलेला आणि आज सकाळीच मशीनला लावलेला. बाबांनी स्वतः झाकण लावून, फडक्याने पुसून स्कूटरवर ठेवला होता. चुकून? बाबा तेलाच्या बाबतीत चुकत नाहीत. मला त्यांचं ते थंडीतलं रूप आठवलं. पौष लागला की खिडकीत बाटल्यांची ओळ, सगळ्या पांढऱ्याशुभ्र. गिऱ्हाईक आलं की बाटली उलटी करायची. "पडता? नाय मां? मगे ह्यां खरां." बाजारचं भेसळीचं तेल थंडीत पातळच राहतं, खरं तेल गोठतं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. शाळेत जाताना मी बाटली उन्हात धरून उभी असायची, तेल विरघळेपर्यंत, आणि आई वेणीसाठी ओरडत असायची. तेव्हा मला कंटाळा यायचा त्या खऱ्या तेलाचा. आणि हल्ली? हल्ली बाबा गावभर सांगतात, आमचां तेल विमानात घालतत. इंजिनात नव्हे बाबा, इंजिनाचं कडं कापताना, असं मी एकदाच सांगून बघितलं होतं. ते म्हणाले, ताच मां ता. माझ्या लग्नाचं कोणी विचारलं तर म्हणतात, तिका खंय वेळ, ती विमानां करता. लोक हसतात. ते हसत नाहीत.

चोपड्याच्या पुलावर वारा लागला तशी मी गाडी हळू केली. खाली नदी ओहोटीची, होड्या चिखलात कलंडलेल्या. बोलले नाही तर काय होईल, हे मी सरळ मनात मांडून बघितलं. कडं जाईल, कुठल्यातरी इंजिनात बसेल, बहुतेक काहीच होणार नाही. बहुतेक. त्या 'बहुतेक'वर मी बसणार होते का कधी, विमानाच्या खिडकीपाशी, पट्टा बांधून? आणि बोलले तर? कंपनी म्हणेल पाच नाहीत तर पद्धत नाही. कूलंटचे बॅरल पुन्हा येतील. गौरेश हात पुढे करून उभा राहील. कारण विचारतील, मी सांगणार तेल, विचारतील कुणाचं, मी सांगणार माझ्या वडिलांचं. सत्तरीला आलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा ऐकावं लागेल की तुझ्या तेलाने घात केला. मागून टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. मी बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ दिलं.

बाबा घाण्याच्या पडवीत पेंड गोणीत भरत होते. मी हेल्मेटही काढलं नाही. "बाबा, सोमवारच्या कॅनातलां तेल तुमी गाळूक नाय?"

त्यांनी गोणीचं तोंड वळवून दोरी बांधली, हात झटकले. "नाय गाळलंय."

"कित्याक?"

"बस आधी. पाणी घे."

"पाणी नको. कित्याक ता सांगा."

मग त्यांनी सांगितलं. बाबुराव, शेजारच्या वाड्यावरचे, तेल न्यायला आले होते. आईने चुकून विमानाच्या तेलातली बाटली दिली. बाबुरावांनी ती रात्री खिडकीत ठेवली, सकाळी बघितली तर पातळ पाण्यासारखी. देवळाच्या पायरीवर चारचौघांत म्हणाले, शिवदासान पण भेसळ सुरू केल्यान, कंपनीचो नाद लागलो. बाबा हे सांगत होते आणि त्यांचा गळ्याकडचा भाग लाल होत होता. "चाळीस वर्सां हो घाणो चालयतंय बाय. कोणाची हिंमत जाली नाय. आणि तू ता पातळ तेल माज्या नावान तिकडे नेतंस. उद्या तुज्या त्या बंगळुरूवाल्यांनी फ्रीजमध्ये ठेवन बघल्यानी तर? म्हणतले, ह्या शिवदासाचां तेल गोठणा नाय. म्हणान मी खरां भरलंय. एकदम बरां, पयल्या धारेचां. त्यांका खरां गावांदे."

त्यांका खरां गावांदे. त्यांना खरं तेल मिळू दे म्हणे. मी त्या पडवीत उभी होते आणि मला रडू आलं की राग आला तेच कळेना. बहुतेक राग. मी सगळं सांगितलं, नळी, कोरडा सूर, तांबूस रंग, आतला थर. भरभर, तोडून तोडून, त्यांना कळेल की नाही याची फिकीर न करता. त्यांना कळलं. ते खाली बघत राहिले. आई चहा घेऊन आली, दोघांची तोंडं बघून तशीच परत गेली. मग बाबांनी अगदी हळू, कुणी ऐकू नये अशा बेताने विचारलं, "तू गप रवलंस तर कोणाक कळतला?"

"कोणाक नाय."

"मगे गप रव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. हा माणूस, बाटल्या उलट्या करून दाखवणारा. "बाबुराव भेसळ म्हणाले तर तुमच्यान गप रावक जाला नाय. आणि मी गप रवां?" माझा आवाज इतका चढला की गोठ्यातली गाय हलली. "तुमचां तेल खरां, आणि माजां काम खोटां चलतला?"

"माजां सोड गो. तुजी नोकरी जायत." एवढंच बोलले. मग हात धुवायला म्हणून मागीलदारी गेले आणि बराच वेळ आले नाहीत. जेवायला पानावर बसले, पण भात तसाच. आईने विचारलं तर म्हणाले, भूक नाय. पाणीसुद्धा प्यायले नाहीत, मी बघत होते. मला त्यांचा कळवळा येत होता आणि तरी मी कढी ओरपत होते, मुद्दाम, आवाज करत. माणूस असा का वागतो कोण जाणे.

सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरपाशी उभे. मी येतंय, म्हणाले. मी त्यांना मागे बसवून शेडवर नेलं. शनिवारी शेडमध्ये मशीन बंद असतं, सर मात्र होते आणि गौरेश साफसफाईच्या ओव्हरटाइमला आला होता. मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकताना पाचवं कडं हातात घेतलं आणि अंगठा त्याच्या आतल्या खांद्यावरून, टिप कोरडी चालली त्या पायरीवरून, फिरवत राहिले, जणू तिथे काही लागणार होतं. बाबा मध्येच म्हणाले, "तेल माजां. चूक माजी. हिची नाय." सरांनी त्यांना बसायला खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत. भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"साईझ बरोबर आहे. रंग बरोबर आहे," सर म्हणाले. "कापून चांगलं निघालं तर?"

"तर चांगलं होतं असं कळेल."

"आणि वाईट निघालं तर?"

"तर बरं झालं कापलं असं."

"म्हणजे दोन्हीकडून माझं कडं गेलंच."

"हो सर."

त्यांनी गौरेशकडे पाहिलं. गौरेश स्वतःच्या तळहातांकडे बघत होता. ते मला चापट मारल्यासारखं लागलं. सरांनी कडं माझ्या हातात ठेवलं. "तूच काप. माझ्यान बघवणार नाही." आणि ते बाहेर गाडीपाशी जाऊन उभे राहिले.

कापायला पाच मिनिटंही लागत नाहीत. हातात धरवत नाही अशी ती चकाकी, आणि तिच्यातून करवत जाताना होणारा आवाज. मी दात आवळून ऐकला. मग तुकडा बसवून घासला, आधी खरबरीत कागदावर, मग बारीक, मग मखमलीवर, आरशासारखा होईपर्यंत. आम्ल लावलं, धुतलं, वाळवलं. बाबा भिंतीपाशी होते तसेच. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चक्र फिरवलं. आधी सगळं धुरकट, मग धातूचे दाणे उमटले, एकाला एक चिकटलेले, शेवटच्या कडेपर्यंत. कडेलाही तेच. थर नाही. मी तुकडा सरकवला, दुसरी जागा, तिसरी, खांद्याचा सगळा भाग. पुन्हा पहिल्यापासून. काहीच नाही. कडं चांगलं होतं. पहिल्यापासून चांगलं होतं, ट्रेमध्ये होतं तेव्हाही, सर मोजून हसले तेव्हाही. मला वाटलं होतं हायसं वाटेल. कसलं हायसं. त्या स्वच्छ, निरोगी दाण्यांचा मला इतका संताप आला की डोळा लावलेला काढवेना. एक थर तर दाखव रे, केसाएवढा तरी. एका चांगल्या कड्याचा मी खून केला होता, वर्षाचं काम, गौरेशचे हात, सगळं त्या करवतीखाली घातलं होतं आणि हातात आलं हे. काही नाही.

दार वाजलं. सर आत आले. ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला कळलं की माझ्या तोंडावर जे होतं ते त्यांनी उलटं वाचलं. त्यांच्या मागून गौरेश. "खराब होतं ना?" सरांनी विचारलं. विचारण्यात एक आर्जव होतं. खराब असेल तर त्यांना फोन करता येईल, ताठ मानेने सांगता येईल की आम्ही खराब माल आमच्याच दारात पकडला, अशी माणसं आहोत आम्ही. त्यावर त्या कंपनीने कदाचित आणखी धातूही पाठवला असता. खराब असेल तर मी शहाणी ठरते. सूक्ष्मदर्शकात बघून काय समजायचं ते या शेडमध्ये फक्त मला समजतं. एक मान हलवायची होती. नुसती मान. माझ्या मागे बाबा भिंतीला पाठ लावून उभे होते, आणि काल संध्याकाळपासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

"नाही सर," मी म्हटलं. "चांगलं होतं. कुठेच काही झालेलं नाही."

सरांनी डोळे मिटले. गौरेश वळला आणि बाहेर गेला. मी मागे वळून बघितलं. बाबा सावकाश भिंतीवरून सरकत खाली आले, गौरेशच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बाय, पाणी आसा गो हंय?"